वर्गांतला आज्ञार्थ

परवां मे महिन्याच्या सुटींत आमच्या ओसरीवर शाळा भरली होती. धाकट्या भावाची नात, वय वर्षें सहा, ही मुख्याध्यापिका. आणि दोन चुलत भावंडें, एक लोड, तीन उशा व एक कान तुटलेला कापडी ससा हे विद्यार्थी. मी झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचीत पडलों होतों. पण ज्यानें सारा जन्म मास्तरकींत घालविला, त्याच्या कानांवर दुसऱ्याच्या वर्गांतला आवाज पडला कीं त्याचें वर्तमानपत्र आपोआप खालीं येतें. बाई इंग्रजी माध्यमाच्या. ‘सिट डाउन! ओपन युअर बुक्स! फिंगर ऑन युअर लिप्स!’ अशा आज्ञा एकामागून एक सुटत होत्या. विद्यार्थी दाद देईनात, तेव्हां बाईंचें इंग्रजी संपलें आणि त्या एकदम मातृभाषेवर आल्या. ‘ए, हाताची घडी, तोंडावर बोट!’ आणि आश्चर्य असें, कीं दोन्ही भावंडें तत्काळ चूप झालीं. सशाचे हात मात्र आखूड असल्यामुळें त्यांची घडी होईना. बाईंनीं त्याला दोनदां समज दिली, आणि मग उरलेला कान धरून ‘अभ्यास करायचा नसेल तर जा घरी!’ असें म्हणत त्याला अंगणांत भिरकावून दिलें.

मुलें खो खो हसलीं. मी उठून अंगणांत गेलों, ससा झटकला आणि पुन्हा वर्गांत आणून बसविला. ‘आजोबा, तुम्ही मधे यायचं नाही,’ अशी मला ताकीद मिळाली. मी मधें कां गेलों तें पुढें येईलच.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा ज्यानें कधीं पाळली नाहीं असा मराठी शाळेंत शिकलेला मनुष्य विरळाच. पण व्याकरणाच्या दृष्टीनें तिच्याकडे कोणी पाहिलें आहे काय? तिच्यांत क्रियापदच नाहीं. ‘घाला’ नाहीं, ‘ठेवा’ नाहीं. कर्ता नाहीं, पुरुष नाहीं, वचन नाहीं. नुसतीं दोन चित्रें मुलांपुढें उभीं केलीं आहेत आणि मुलांनीं तीं चित्रें व्हावयाचें आहे. आज्ञा देणाराहि तिच्यांत कोठें दिसत नाहीं, म्हणून ती कोणाला बोचत नाहीं. उलट माझा अनुभव असा, कीं ‘गप्प बसा’ ही आज्ञा जितक्या मोठ्यानें द्यावी तितका वर्गांतला गलका वाढतो. कारण तिच्यांत मास्तर दिसतो, आणि दिसणाऱ्या मास्तराशीं झुंजण्यांत मुलांना मौज वाटते.

गणिताच्या मास्तराची आज्ञा हें केवळ काम करवून घेण्याचें साधन. भाषेच्या मास्तराची गोष्ट निराळी आहे. ‘वाच’, ‘लिही’, ‘उभा राहा’, ‘पुन्हा सांग’ हीं जीं वाक्यें तो दिवसभर बोलतो, तीं स्वतःच भाषेचा पाठ असतात. पुस्तकांतला धडा आठवड्या-दोन आठवड्यांनीं बदलतो; मास्तराचा आज्ञार्थ जूनपासून एप्रिलपर्यंत तोच. ज्या मुलाच्या घरची बोली निराळी, त्याला शाळेच्या मराठीचा पहिला परिचय कवितेंतून होत नाहीं. ‘पाटी काढ’ या वाक्यांतून होतो.

मला लहानपणीं आमच्या काकांनीं संस्कृत पढविलें. विध्यर्थाचे, म्हणजे ज्याला संस्कृत व्याकरणांत लिङ् म्हणतात त्याचे, पाणिनीनें सहा अर्थ सांगितले आहेत: विधि, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न आणि प्रार्थना. लगेच पुढच्या सूत्रांत हेच अर्थ त्यानें लोट् म्हणजे आज्ञार्थालाहि दिले आहेत. मीं ही यादी पोपटासारखी पाठ केली होती. तिचा अर्थ पहिलीच्या वर्गांत उभें राहिल्यावर कळूं लागला. हाताखालच्या माणसाला कामास लावणें हा विधि: ‘फळा पूस.’ ज्याला नकार देण्याची सोय नाहीं तें निमंत्रण. भट्टोजी दीक्षितांनीं येथें श्राद्धाच्या भोजनाला दौहित्रादिकांना बोलावण्याचा दाखला दिला आहे. ज्यांत मोकळीक असते तें आमंत्रण: ‘बसायचं तर बस इथं.’ मान राखून काम सांगणें तें अधीष्ट, आणि काशिकेंत त्याचें उदाहरण काय असावें? आपण या मुलाची मुंज लावावी, अशी गुरूला केलेली विनंती! ‘वेद शिकूं कीं तर्क?’ असें विचारणें हा संप्रश्न. आणि मागणें ती प्रार्थना. याच्याहि पुढच्या सूत्रांत आणखी तीन अर्थ येतात: प्रैष म्हणजे हुकूम, अतिसर्ग म्हणजे परवानगी, आणि प्राप्तकाल म्हणजे अमुक करण्याची वेळ आली आहे असें सुचविणें. या प्राप्तकालानें मला नोकरींत फार हात दिला. ‘वह्या काढा’ म्हणण्याऐवजीं ‘चला, शुद्धलेखनाची वेळ झाली’ म्हटलें, कीं आज्ञा माझी राहत नाहीं, घड्याळाची होते. आणि घड्याळाशीं कोण भांडणार?

आपल्या मराठींत यांतल्या पुष्कळ छटा एका ‘-आवें’ या प्रत्ययावर येऊन पडल्या. संस्कृतांतल्या ‘कर्तव्य’मधला ‘तव्य’ प्राकृतांतून झिजत झिजत ‘करावें’ झाला. त्याचें राज्य कोठें आहे हें पाहावयाचें असेल तर मुलांचें पाठ्यपुस्तक उघडावें. स्वाध्यायांत मुलांसाठीं ‘वाचा’, ‘लिहा’, ‘जोड्या लावा’, ‘रिकाम्या जागा भरा’ असा उघडा आज्ञार्थ असतो. आणि शिक्षकांसाठीं बारीक टाइपांत जी सूचना असते ती ‘विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावे’, ‘वर्गात चर्चा करावी’ अशी विध्यर्थी. मुलाला ‘करा’ आणि मास्तराला ‘करावे’! करावयाचें दोघांनाहि असतेंच. पण मास्तराला तें आपण स्वखुषीनें करीत आहों असें वाटूं द्यावयाचें, एवढाच काय तो फरक.

इंग्रजी शाळांत ‘प्लीज’ शिकवितात. आमच्या नातवंडांना तो शब्द येतो आणि कानांना बराहि वाटतो. त्यावरून कांहीं मराठी शिक्षक ‘कृपया शांत बसा’ असें म्हणूं लागले आहेत, तें मात्र मला पटत नाहीं. ‘कृपया’ हा शब्द पाटीवरचा आहे. एस. टी.च्या स्थानकावर, दवाखान्यांत, ग्रंथालयाच्या भिंतीवर तो शोभतो. कोणती मराठी आई मुलाला ‘कृपया दूध पी’ म्हणते? मराठीनें विनवणीची सोय निराळ्या ठिकाणीं केली आहे. ‘जरा सरक’, ‘दे ना’, ‘असं करू नये हं’, ‘ये बघू इकडे’. हे इवले इवले शब्द व्याकरणाच्या पुस्तकांत एखाद्या कोपऱ्यांत पडलेले असतात, पण वर्ग चालतो तो त्यांच्यावर. त्यांतल्या ‘बघू’मध्यें तर केवढा गोडवा आहे! ‘सांग बघू’ म्हणजे तूं सांगण्याचें काम कर, मी बघण्याचें करतों. एकाच वाक्यांत आज्ञा देणाऱ्यानें अर्धें काम स्वतःकडे घेतलें. ‘वाचू या’ याचीहि तीच जात. माझ्या एक सहकारी शिक्षिका ‘बसा’ असें कधीं म्हणतच नसत. ‘आपण बसू या’ म्हणून आधीं स्वतः सतरंजीवर बसत, आणि सबंध वर्ग एका दमांत खालीं बसे. मात्र ‘आपण दहा ओळी शुद्धलेखन लिहू या’ म्हणून स्वतः खुर्चीवर चहा पीत बसणारेहि मीं पाहिले आहेत. तें ‘आपण’ कसलें आहे हें मुलें दोन दिवसांत ओळखतात.

सर्वांत फसवा प्रकार प्रश्नाचा. ‘जरा दार लावतोस का?’ हा प्रश्न नव्हे, विनंती आहे, हें आपल्या घरांतल्या मुलाला शाळेंत जाण्यापूर्वींच कळतें. कारण तो अष्टौप्रहर तेंच ऐकत असतो. माझी पहिली नेमणूक रायगड जिल्ह्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या एका कातकरी वाडीजवळच्या शाळेवर झाली. तेथें पहिल्याच आठवड्यांत मीं एका मुलाला विचारलें, ‘अरे, जरा पाणी आणतोस का?’ त्यानें क्षणभर विचार केला, ‘नाय’ म्हणाला, आणि पुन्हा पाटीवर रेघा ओढूं लागला. विचारलेल्या प्रश्नाचें त्यानें खरें उत्तर दिलें होतें. मला वाटलें, पोर उद्धट आहे. शिवाय तीं मुलें मला ‘गुरुजी, तू कवा आलास?’ असें एकेरींत विचारीत. त्यांच्या घरीं बापाला, मास्तराला आणि देवाला एकच ‘तू’. अनादराचा त्यांत लेशहि नव्हता. आपणहि आईला आणि देवाला ‘तूं’च म्हणतों, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें नाहीं. सकाळीं ओढ्यापलीकडून तीं ‘गुरुजीऽऽऽ’ अशी हांक मारीत. दुरून हांक मारतांना शेवटचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा होतो, असें पाणिनीचें सांगणें आहे. तें ज्यांनीं कधीं ऐकलें नव्हतें तीं मुलें तें माझ्यापेक्षां शुद्ध पाळीत असत.

त्या शाळेंत १९८४ सालीं तिसरीच्या वर्गांत एक मुलगा होता. वय नऊ-दहा. वाचन उत्तम, गोष्ट एकदां ऐकली कीं तोंडपाठ. पण वही म्हणून कधीं आणीत नसे. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकतीच उघडली होती. शुद्धलेखनाच्या तासाला तो सलग तीन दिवस वहीवांचून आला. तिसऱ्या दिवशीं माझा तोल गेला. मीं छडी उचलली नाहीं. छडीचा मला तेव्हांहि तिटकारा होता, आणि त्या तिटकाऱ्याचा थोडा अभिमानहि होता. मी इतकेंच म्हणालों, ‘वही आणायची नसेल तर शाळेत येतोस कशाला? जा घरी!’

तो उठला. त्यानें पाटी पिशवींत घातली, पिशवी खांद्याला लावली, आणि गेला.

मला वाटलें, दाराबाहेर उभा राहील. आमच्या घरांत, आमच्या आळींत, मी शिकलों त्या शाळेंत ‘जा घरी’ याचा अर्थ एकच होता: जाऊं नकोस, मान खालीं घाल, ‘पुन्हा असं करणार नाही’ म्हण. ‘नको असेल तर जेवू नकोस, ऊठ पानावरून’ असें आई म्हणाली म्हणून आपल्यापैकीं कोणी खरोखर पानावरून उठलें आहे काय? उठलें असतें तर त्या माउलीनें स्वतः त्या दिवशीं घास घेतला नसता. मी खडू हातांत धरून पांच मिनिटें थांबलों, मग दारांत आलों. तो ओढा ओलांडून पलीकडे पोंचला होता. हांक मारली असती तर ऐकूं गेली असती. पण दिलेली आज्ञा मास्तरानेंच भर वर्गादेखत परत घ्यावयाची, हें मला कमीपणाचें वाटलें. मीं हांक मारली नाहीं.

येथें मला माझ्या पढिकपणाची लाज वाटते. काकांजवळ मीं ध्वन्यालोकाचा पहिला उद्योत वाचला होता. आनंदवर्धनानें वाच्य अर्थ आणि ध्वनित अर्थ यांतला भेद दाखवितांना पहिलीच जी गाथा घेतली आहे ती हालाच्या गाथासप्तशतींतली, महाराष्ट्री प्राकृतांतली, म्हणजे आपल्याच गोदाकांठची. एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते कीं, आतां खुशाल हिंड. तुला भिवविणारा तो कुत्रा नदीकांठच्या जाळींतल्या सिंहानें मारून टाकला आहे. शब्दांत ‘हिंड’ असा विधि. अर्थ मात्र ‘इकडे फिरकूं नकोस’ असा निषेध. काकांनीं हें उलगडून दाखविलें तेव्हां मी कोण खूष झालों होतों! पण असा अर्थ उमगण्यासाठीं ऐकणारा सहृदय, त्याच संस्कारांत मुरलेला असावा लागतो, हेंहि त्याच शास्त्रांत मीं वाचलें होतें. आणि वर्गांत मात्र ‘जा’ म्हणून ‘जाऊं नकोस’ असें सुचविलें, व तें न ओळखल्याचा दोष नऊ वर्षांच्या पोराच्या माथीं मारला. त्याच्या घरीं ‘जा’ म्हणजे जा होतें.

दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. तिसऱ्या दिवशींहि नाहीं. आठ दिवसांनीं मी वाडीवर गेलों. झोंपडीच्या दाराला सुतळी बांधलेली होती. दिवाळी झाली कीं कातकऱ्यांचीं पुष्कळ कुटुंबें मालकाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर कामाला जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्याचे आईबाप दरवर्षीं जात. तो मात्र शाळेसाठीं म्हणून आजीपाशीं वाडीवर राहत असे. या वर्षीं त्यांच्याबरोबर गेला. शेजारच्या झोंपडीपुढें आजी सूप घेऊन पाखडीत बसली होती. मीं विचारलें, ‘त्याला का पाठवलंत? चांगला वाचत होता.’ तिनें हातांतलें सूप थांबविलें. तिच्या स्वरांत तक्रार नव्हती; मला एवढेंहि कसें आठवत नाहीं, याचें तिला नवल वाटलें असावें. ती म्हणाली, ‘तूच बोललास ना, जा.’

ज्येष्ठांत माणसें परतलीं. मी पुन्हा गेलों. या खेपेस मोठ्या नम्रतेनें विचारलें, ‘उद्यापासून शाळेत येशील का?’ तो म्हणाला, ‘नाय.’ मीं प्रश्न विचारला, त्यानें उत्तर दिलें. साधें ‘ये’ म्हणावयास हवें होतें. तें त्या क्षणीं सुचलें नाहीं, किंवा ज्या तोंडानें ‘जा’ म्हटलें त्या तोंडानें ‘ये’ म्हणण्याचें धैर्य झालें नाहीं. चार दिवसांनीं पुन्हा जाऊन ‘शाळेत ये’ म्हणालों तेव्हां तो मुकाट्यानें आला. पण मधल्या सहा महिन्यांत त्याला मजुरी कळली होती, आणि घरच्यांनाहि त्याच्या हातांचा उपयोग कळला होता. श्रावणापर्यंत तो येत राहिला, मग येईनासा झाला. तिसरी त्यानें पुरी केली नाहीं.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें, त्याच्या सतराव्या कलमानें, मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. कायदा चांगला आहे. पण तो तेव्हां असता तरी माझें ‘जा घरी’ कोणी कोठें नोंदविलें असतें? हजेरीपटावर मी रोज त्याच्या नांवापुढें ‘गैरहजर’ असें मांडीत गेलों. आणि तो खरोखरच गैरहजर होता.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मीं वर्गांत ‘जा’ हा शब्द वर्ज्य केला. पाणी प्यायला सोडावयाचें असेल तरी ‘पिऊन ये’ म्हणे. फळ्यापाशीं बोलावलेल्या मुलाला परत पाठवितांना ‘जागेवर बस’ म्हणे. आपल्या घरांतून बाहेर पडणारा मनुष्य ‘जातो’ म्हणत नाहीं, ‘येतो’ म्हणतो. ही रीत मला पाळण्यांतल्या वयापासून ठाऊक होती, तिचा शाळेंत उपयोग करावा हें एवढ्या उशिरां सुचलें. ‘आता तूच हो मास्तर!’, ‘झोप, झोप, उशी आणून देऊ का?’ असलीं व्याजोक्तीचीं शस्त्रेंहि खालीं ठेवलीं. मास्तरांना हीं फार आवडतात, कारण त्यांना सारा वर्ग हसतो. ज्याच्यावर तीं चालविलीं तो एक सोडून. काम करवून घ्यावयाचें असेल तर सरळ आज्ञा; आणि खरोखरच मोकळीक द्यावयाची असेल तरच प्रश्न. मग ‘नाय’ असें उत्तर आलें तर तें निमूटपणें घ्यावयाचें. हें शेवटचें मला फार जड गेलें. कित्येकदां प्रश्न विचारून झाल्यावर, नकार ऐकूं आल्यावर, कपाळाला आठी पडेच.

दोन वर्षांपूर्वीं एका लग्नाच्या निमित्तानें त्या बाजूस जाणें झालें. कार्यालयांतून बाहेर पडून रस्त्याच्या कडेनें चाललों होतों, तों मागून हांक आली: ‘गुरुजीऽऽऽ!’ शेवटचा स्वर पुरत्या तीन मात्रांचा. मी वळलों. कानशिलांवर केस पिकलेला एक गृहस्थ सायकल हातांत धरून उभा होता. मीं ओळखलें नाहीं. त्यानेंच ओळख सांगितली आणि घरीं घेऊन गेला. घर आतां सिमेंटचें, दोन खोल्यांचें होतें. दारांत त्याची नात वही मांडीवर घेऊन शुद्धलेखन लिहीत बसली होती. मला पाहून उठली आणि ‘बसा, गुरुजी’ म्हणाली. ती शाळेंतली मराठी. आजोबानें चटई पुढें सरकविली आणि आपल्या जुन्याच भाषेंत म्हणाला, ‘बस.’

मी बसलों. त्या दिवसाविषयीं बोलावें असें वाटेवर ठरविलें होतें. चहा आला, तो झाला, भट्टीच्या, पावसाच्या, मुलीच्या शाळेच्या गोष्टी झाल्या. तेवढी एक गोष्ट निघाली नाहीं. ऊन उतरल्यावर मी उठलों आणि ‘येतो’ म्हणालों.

‘ये,’ तो म्हणाला.